अहो, सांगून तरी जायचं

आजोबा गेल्यावरही आजीची एक सवय मोडली नाही. दुपारचं जेवण झालं की ती पानाचा डबा पुढे ओढायची, अडकित्त्याने सुपारी कातरायची आणि तिचे दोन वाटे करायची. एक तोंडात टाकायची. दुसरा डब्याच्या झाकणावर, पलीकडच्या बाजूला ठेवायची. संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी तो वाटा परत डब्यात जायचा. घरात सगळ्यांना दिसत होतं, पण कुणी विषय काढला नाही. एकदा मात्र मी माजघरात असताना बाहेरून तिचा आवाज आला. रडका नव्हता, चांगला चिडका होता. "अहो, सांगून तरी जायचं!"

आजीला भ्रम झाला नव्हता. दहावं, तेरावं तिच्यासमोर झालं होतं. पेन्शनच्या कागदांवर तिने स्वतः सही केली होती. आजोबा नाहीत हे तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मग ही तक्रार कुणाकडे? तक्रार करायची तर ऐकणारा लागतो. आणि आजी काही एकटी नव्हे. गेलेल्या माणसावर आपण चिडतो, त्याच्या फोटोला परीक्षेचा निकाल सांगतो, त्याचा नंबर फोनमधून काढून टाकायला बोट धजत नाही. माणूस नाही हे माहीत असताना हे सगळं चालतं तरी कसं?

पुढे कॉलेजात कालिदासाच्या 'रघुवंशा'चा आठवा सर्ग अभ्यासाला आला आणि तिथे अयोध्येचा राजा बायकोला तेच म्हणताना सापडला : मला न विचारता निघून गेलीस. तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, हे कोडं उलगडायला त्या सर्गासारखी जागा नाही. कालिदासाचा काळ साधारणपणे चौथं-पाचवं शतक मानतात. प्रयोगशाळा जुनी आहे, उपकरणं मात्र अजून चालू आहेत.

चौकट : अज-इंदुमतीची गोष्ट

रघूचा मुलगा अज, म्हणजे दशरथाचा बाप आणि रामाचा आजोबा. इंदुमती विदर्भाची राजकन्या, भोजराजाची बहीण. विदर्भाची राजधानी कुंडिनपूर. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी असलेलं कौंडिण्यपूर ते हेच, अशी परंपरा आहे. रुक्मिणीचं माहेरही हेच मानतात आणि तिथून आषाढीला पालखी पंढरपूरला जाते. स्वयंवरात इंदुमती अजाला वरते. दशरथाचा जन्म होतो. एकदा दोघं नगराबाहेरच्या बागेत असताना आकाशमार्गाने नारद गोकर्णाला निघालेले असतात. त्यांच्या वीणेवरची दिव्य फुलांची माळ वाऱ्याने सुटते आणि इंदुमतीच्या छातीवर पडते. ती क्षणभर त्या माळेकडे बघते आणि जाते. बेशुद्ध पडून शुद्धीवर आलेला अज तिला मांडीवर घेऊन जे बोलतो, तो सुमारे २५ श्लोकांचा भाग 'अजविलाप' म्हणून ओळखला जातो.

आधी चौकशी, मग 'तू'

विलाप म्हटलं की आपल्याला वाटतं, बांध फुटला आणि पाणी वाट मिळेल तिकडे गेलं. अजविलाप तसा नाही. त्याला पाटबंधारे आहेत.

पहिले चार श्लोक अज इंदुमतीशी बोलतच नाही. तो चौकशी करतो. फुलांनी माणूस कसा मरेल? फुलंही जीव घेत असतील तर दैवाला हत्यार म्हणून काय चालणार नाही? की कोमल वस्तू मारायला यम कोमलच वस्तू वापरतो, जसं हिव पडून कमळ जातं? मग तीच माळ तो स्वतःच्या छातीवर ठेवून बघतो. त्याला काहीच होत नाही. वीज पडली, झाड उभं राहिलं, त्याच्या आधाराने चढलेली वेल तेवढी जळाली.

हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर बसलेली माणसं काय बोलतात ते आठवा. "सकाळी तर चहा घेतला हो." "काल रात्री फोनवर हसत होते." धक्का बसला की मन पहिल्यांदा हिशेब मागतं, कारण आणि परिणाम यांचा मेळ घालू बघतं. फूल आणि मृत्यू यांचा मेळ बसत नाही. तो बसूच नये अशी माळ कालिदासाने मुद्दाम निवडली आहे. साप चावला असता तर चौकशी एका ओळीत आटोपली असती.

चौकशी फसते आणि पाचव्या श्लोकात अज वळतो. 'ती'ची 'तू' होते. माझ्याकडून चूक झाली तरी तू कधी तोंड फिरवलं नाहीस, आज काही अपराध नसताना बोलत का नाहीस? मी लबाड आहे, माझं प्रेम खोटं आहे, असं तुला वाटलं असणार, म्हणून न विचारता गेलीस.

या एका सर्वनामाने काय साधतं ते बघू. "ती गेली" हे वाक्य पूर्ण आहे. त्याच्यापुढे काही लागत नाही. "तू बोलत का नाहीस?" हे वाक्य मात्र समोरून उत्तर आल्याशिवाय पुरं होत नाही. फोन मध्येच तुटला की आपण दोन-तीनदा "हॅलो, हॅलो" करतो, तसं. प्रत्येक 'तू'नंतर कवी जागा मोकळी सोडतो. वाचक नकळत उत्तराची वाट बघतो आणि ते येत नाही. मृत्यू म्हणजे काय हे कुणी समजावून सांगत नाही. त्या मोकळ्या जागेत तो आपल्याला ऐकू येतो. इंदुमती नाही हे सांगण्यासाठी कवीने तिला आधी समोर हजर केलं आहे.

गावाकडच्या बायका हेल काढून रडतात त्यात हीच रीत असते. रडणं कायम त्या माणसाला उद्देशून, आणि त्यात निम्मा भाग भांडणाचा. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की कुणीतरी पुढे होऊन म्हणतं, "धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघतो, काळजी करू नका." तेही संभाषणच. अज असाच दहा दिवसांनंतरचे विधी त्याच बागेत उरकतो.

अर्धी ओवलेली माळ

मेलेल्या माणसाबद्दल बोलायची सोपी पद्धत म्हणजे गुण सांगायचे. कसे प्रेमळ होते, किती लोकांना मदत केली. शोकसभेत तेच होतं आणि म्हणूनच शोकसभेत फारसं कुणी रडत नाही. गुण भूतकाळात जमा होऊन बसतात, ते कशाची वाट बघत नाहीत.

कालिदास गुणांची यादी शेवटावर ठेवतो. घरची मालकीण, सल्लागार, मैत्रीण, कलेतली शिष्या ही इंदुमतीची चार नाती ज्या श्लोकात येतात, तो संस्कृत शिकलेल्यांच्या तोंडी असतो आणि विलापात सगळ्यात प्रसिद्धही तोच आहे. मला मात्र त्याआधीचे चार-पाच श्लोक जास्त भारी वाटतात. त्यांत फक्त अर्धवट राहिलेली कामं आहेत.

बागेत एक आंबा आहे आणि प्रियंगूची वेल आहे. या दोघांचं लग्न लावायचं इंदुमतीने ठरवलं होतं. ते न लावता जाणं बरं नव्हे, असं अज म्हणतो. अशोकाचं झाड आहे. सुंदर स्त्रीने पायाने ताडन केलं की अशोक फुलतो असा जुना कविसंकेत. ते कौतुक तिने पुरवलेलं आहे, म्हणजे फुलं येणार. तिच्या केसांत माळायची ती फुलं आता तिच्या शेवटच्या विधीत कशी वाहू? आणि सगळ्यात लहान गोष्ट म्हणजे बकुळीची माळ. दोघं मिळून ओवत होते. अर्धी झाली आहे.

पुरं झालेलं काम मागे पडतं. अर्ध्या कामाला उद्या लागतो. सुई, दोरा, फुलं तशीच पडलेली असतात आणि त्यांना दुसरा हात हवा असतो. ही माळ बघताना मला झाकणावरची सुपारी दिसते. इंदुमतीचा जीव एका स्वर्गातल्या माळेने घेतला आणि अजाचा जीव अडकला तो बकुळीच्या अर्ध्या माळेत. संस्कृतचे प्राध्यापक या दोन माळांकडे फारसं लक्ष वेधत नाहीत, निदान आमच्या वेळी कुणी वेधलं नाही.

एक जास्तीचा गुरू

आता जरा यंत्राच्या आत डोकावू. या सर्गाचा जवळजवळ सगळा भाग 'वियोगिनी' वृत्तात आहे. नावातच वियोग असलेल्या या वृत्ताचा आराखडा सोपा आहे. लघू (ऱ्हस्व) अक्षराला 'ल' म्हणू, गुरू (दीर्घ) अक्षराला 'गा'. पहिली ओळ अशी चालते :

ललगा ललगा लगालगा

दहा अक्षरं. चाल सरळ, पायऱ्या उतरल्यासारखी. दुसरी ओळ अशी :

ललगा गा ललगा लगालगा

अकरा अक्षरं. सगळं तेच, फक्त पहिल्या तीन अक्षरांनंतर एक 'गा' मध्येच घुसला आहे. दोन्ही ओळी मोठ्याने म्हणून बघा. पहिल्या ओळीत जिथे आवाज पुढे सरकला होता, नेमका तिथे दुसऱ्या ओळीत तो अडतो, एक अक्षर थांबतो आणि मग चालू लागतो. रडून झाल्यावर बोलणाऱ्याचा श्वास असाच मध्ये अडकतो. शब्दांत अश्रू असोत नसोत, चालीत हुंदका बसवलेला आहे.

आणि हा हुंदका इंदुमती गेल्यावर सुरू होत नाही. सर्गाच्या पहिल्याच श्लोकापासून हेच वृत्त आहे आणि त्या श्लोकात अजाच्या हातातलं लग्नाचं कंकणही अजून सुटलेलं नाही. रघू त्या हातात राज्य देतो आहे, सगळीकडे मंगल आहे आणि पार्श्वसंगीत मात्र वियोगाचं. ऐकणाऱ्याच्या कानाला ते आधी कळतं, अजाला मागाहून.

आशा असेल तर रस वेगळा

वियोग म्हटल्यावर 'मेघदूत' आठवतं. तिथेही प्रेम आहे, विरह आहे, तरी ते अजविलापासारखं नाही. फरक काय, याचं उत्तर भरताच्या नाट्यशास्त्रात मिळतं. करुण हा निरपेक्ष असतो आणि विप्रलंभ, म्हणजे ताटातुटीतला शृंगार, हा सापेक्ष असतो. इथे 'अपेक्षा' म्हणजे पुन्हा भेटण्याची आशा. 'मेघदूता'तल्या यक्षाची शिक्षा वर्षाची आहे, दिवस मोजता येतात. म्हणून त्याचं दुःख गोड आहे, त्यात रस्त्यातली गावं, नद्या, माळव्यातल्या बायका बघायला सवड आहे. अज स्वतःच हा हिशेब मांडतो. रात्र चंद्राकडे परत येते, चक्रवाकाला त्याची जोडीदारीण सकाळी भेटते, त्यामुळे त्यांना विरह सोसतो. तू कायमची गेलीस, मला कसं सोसेल?

या दोन टोकांच्या मध्ये 'कुमारसंभवा'च्या चौथ्या सर्गातला रतीचा विलाप येतो. मदन जळून राख झाला आहे, पण पुनर्मीलन होईल असं सांगणारी आकाशवाणी होते. वृत्त तेच, वियोगिनी. या रतिविलापावर अकराव्या शतकातल्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त दोष काढला आहे. तोच रस पुन्हा पुन्हा पेटवत राहणं हा त्याच्या मते रसदोष. साहित्यशास्त्री म्हणून त्याचं बरोबर असेल. पण शोक झालेल्या घरात तो चार दिवस राहिला असता तर त्याने हा नियम जरा मऊ केला असता. शोक एकदा पेटून विझत नाही. विझला असं वाटतं, तोवर कपाटात एखादा स्वेटर सापडतो.

मेंदू वाट बघतो

आधुनिक मानसशास्त्र या बाबतीत बऱ्याच वळणांनी कालिदासाच्या गल्लीत आलं आहे.

फ्रॉइडने १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या शोकावरच्या निबंधात एक हिशेबी चित्र मांडलं. गेलेल्या माणसात गुंतवलेली मनाची ऊर्जा एकेका आठवणीतून सोडवून घ्यायची, म्हणजे ती दुसरीकडे गुंतवता येते. ठेव मोडून नवं खातं उघडावं तसं. या विचारातून पुढे समजूत रूढ झाली की निरोगी शोक म्हणजे नातं तोडता येणं. १९६९ साली कुब्लर-रॉस यांनी सांगितलेल्या पाच पायऱ्याही लोकांनी अशाच वापरल्या. त्या खरं तर मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून मांडलेल्या होत्या. आपण त्या मागे राहिलेल्यांवर लादल्या आणि "अजून स्वीकार झाला नाही का?" असं विचारू लागलो.

खुद्द फ्रॉइडची ठेव मात्र मोडली नाही. त्याची मुलगी सोफी १९२० साली फ्लूच्या साथीत गेली. १९२९ साली तिच्या वाढदिवशी, मुलगा गमावलेल्या एका मित्राला त्याने पत्र लिहिलं. जागा कशानेही भरली तरी ते वेगळंच असतं, आणि तसंच असायला हवं, कारण जे प्रेम सोडायचं नाही ते जपण्याचा तेवढाच मार्ग आहे, असा त्या पत्राचा आशय.

१९९६ साली क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी 'टिकून राहणारे बंध' ही कल्पना पुढे ठेवली. नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं. बाबांना विचारलं असतं तर काय म्हणाले असते, असं मनात येतं तेव्हा ते नातं चालू असतं. १९९९ साली स्ट्रोब आणि शुट यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. शोकात माणूस झोक्यासारखा असतो. एका टोकाला गेलेल्याची ओढ, दुसऱ्या टोकाला गॅसचं बुकिंग, मुलांची फी. या टोकावरून त्या टोकाला जात राहणं हेच सावरणं.

आणि आजीचं काय? आपला मेंदू दिवसभर अंदाज बांधत असतो. जिन्यात पायऱ्या किती, दार किती वाजता वाजेल, समोरच्या पाटावर कोण असेल. चाळीस वर्षं रोज खरा ठरलेला अंदाज एका दिवसात पुसला जात नाही. बातमी कळते, सवयीला ती कळायला वेळ लागतो. अंधारात दिव्याचं बटण जुन्या जागी शोधणारा हात आठवा, वायरिंग बदलून महिने झाले तरी. वेल्समधल्या रीस नावाच्या डॉक्टरने जोडीदार गमावलेल्या २९३ जणांशी बोलून १९७१ साली एक शोधनिबंध लिहिला. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचं जाणवलं होतं, दिसला होता किंवा त्याचा आवाज ऐकू आला होता. बहुतेकांनी तोवर ते कुणाला सांगितलं नव्हतं.

अजाच्या बाबतीत हे घडतं ते वाऱ्यामुळे. इंदुमतीच्या फुलं माळलेल्या कुरळ्या बटा वाऱ्याने हलतात आणि त्याला वाटतं, आली परत. चेहऱ्यावर घामाचे थेंब अजून तसेच आहेत. कवीने इथे नजर इतकी जवळ नेली आहे की केस हलतो तेव्हा आपणही श्वास धरतो.

गुरूंचा निरोप

मग समजूत घालणारे येतात. वसिष्ठ यज्ञात बसलेले, म्हणून शिष्यामार्फत निरोप पाठवतात. इंदुमती मुळात अप्सरा होती, तृणबिंदू ऋषींच्या शापाने पृथ्वीवर आलेली. दिव्य फूल दिसलं की शाप सुटायचा होता. म्हणजे चौकशीचं उत्तर मिळालं! त्यावर तत्त्वज्ञान : मरण हीच देह धारण करणाऱ्यांची मूळ स्थिती आहे, क्षणभर जगलो तर तोच नफा. तू मागून मेलास तरी ती भेटणार नाही, ज्याची त्याची वाट वेगळी. नातलगांच्या अखंड आसवांनी गेलेल्याला चटके बसतात. वाऱ्याने झाडही हललं आणि डोंगरही हलला, तर फरक काय राहिला?

एकाहून एक मुद्दे, खोडून काढता येऊ नयेत असे. अज "ठीक आहे" म्हणतो आणि शिष्याला निरोप देतो. पण त्या उपदेशाला त्याच्या शोकाने भरलेल्या मनात जागाच मिळाली नाही, तो जणू गुरूंकडेच परत गेला, असं कालिदास लिहितो.

हा कवी वसिष्ठांचा अपमान करत नाही आणि अजाला अडाणीही ठरवत नाही. वसिष्ठांचं म्हणणं खरं आहे. अजाला ते पटलंही असेल. भरलेल्या हंड्यावर पाणी ओतलं की ते बाहेर जातं, त्यात पाण्याचा दोष नसतो. भेटायला येऊन "आत्मा अमर आहे" सांगणाऱ्या पाहुण्यांना आजी "हो ना" म्हणायची आणि चहा टाकायला उठायची.

भिंतीतलं रोप

अज लगेच मरत नाही. बायकोमागे राजा मेला असं लोक म्हणतील म्हणून तो चितेवर चढत नाही. जगायची हौस होती म्हणून नव्हे, असं कवी बजावतो. दशरथ लहान आहे. त्याच्यासाठी अज आठ वर्षं काढतो. कशावर? तिच्यासारखं काही दिसलं की ते बघण्यावर, तिच्या चित्रांवर, स्वप्नातल्या क्षणभर भेटींवर. एका हाताने कारभार, दुसऱ्या हाताने चित्र. झोका चालूच.

या आठ वर्षांसाठी कालिदास जी उपमा वापरतो ती जुन्या वाड्यात राहिलेल्यांना लगेच कळेल. प्लक्ष, म्हणजे पिंपळ-उंबराच्या कुळातलं झाड. त्याचं रोप प्रासादाच्या गच्चीत उगवावं आणि मुळांनी ती फोडावी, तसा शोकाने त्याचं काळीज चिरलं. अशा झाडाचं बी पक्ष्याच्या विष्ठेतून येतं, चुन्याच्या सांध्यात पडतं. पहिल्या पावसात दोन पानं. बघणाऱ्याला ती हिरवी, गोजिरवाणी दिसतात. मुळं आत वाट काढतात. वरून छाटलं तरी ती आत जिवंत असतात. आणि एखाद्या भिंतीचं असं होतं की रोप उपटलं तर तीच कोसळेल.

वैद्यांच्या हाताबाहेरचा रोग जडला तेव्हा अजाला तो लाभच वाटला. आज तो डॉक्टरांकडे गेला असता तर दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाचं निदान झालं असतं, उपचारही मिळाले असते आणि ते मिळायला हवेत. अज शेवटी प्राणांतिक उपोषण करतो, तो कुणी घ्यावा असा कित्ता नाही. कालिदास इथे सल्ला देत नाही. गोष्ट जिकडे जाते तिकडे तो जातो.

मुलगा कवच घालण्याजोगा झाल्यावर अज गंगा आणि सरयू मिळतात त्या तीर्थावर देह सोडतो. इथवर येता येता वियोगिनी थांबलेली असते. शेवटचे श्लोक वेगवेगळ्या वृत्तांत आहेत आणि अखेरचा आहे मंदाक्रांतेत, 'मेघदूता'च्या त्या सावकाश, सतरा अक्षरी चालीत. आशा असलेल्या विरहाचं वृत्त. त्या श्लोकात अजाचं नाव देवांच्या यादीत लिहिलं जातं आणि पूर्वीपेक्षा जास्त कांतिमान झालेली इंदुमती त्याला भेटते, इंद्राच्या नंदनवनात.

नंदनवन सर्गात याआधी एकदा येऊन गेलेलं असतं. माळ पडण्याच्या थोडं आधी, अज आणि इंदुमती नगराबाहेरच्या बागेत शिरतात तेव्हा कवी म्हणतो, नंदनवनात जणू इंद्र आणि शचीच. शेवटच्या श्लोकात तो 'जणू' राहिलेला नाही.